यज्ञासाठी की माणसासाठी?

झाशी शहराच्या जुन्या परकोटाला जी दहा द्वारे सांगतात त्यांत दतिया, ओरछा, उन्नाव, भांडेर, सागर अशी त्या त्या वाटेवरील गावांची नावे धारण करणारी द्वारे पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्या मेळ्यात खंडेराव हे नाव असे आहे, की बुंदेलखंडाच्या त्या दगडाळ आणि उन्हाने भाजून निघालेल्या मुलखात ते कानी पडताच दक्षिणेकडून गेलेल्या माणसाला क्षणभर जेजुरीच्या पायऱ्या आठवाव्यात. पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर १७४२ च्या सुमारास या प्रांती आले, पुढे नेवाळकरांकडे सुभेदारी गेली, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, वैद्य, आचारी व भिक्षुक अशी मराठी माणसांची एक वस्तीच येथे रुजली. तिचे राज्य गेले, तिची भाषा बाजारात बुंदेलीशी जुळवून घेऊ लागली, पण दरवाजाचे नाव राहिले. आज खंडेराव गेट म्हणजे एक गजबजलेला मोहल्ला आहे, आणि कोणत्याही जुन्या शहरात आढळते तसे खांबांचे व तारांचे जाळे त्याच्याही डोक्यावर पसरलेले आहे.

तारांच्या या जाळ्याकडे पाहिले म्हणजे या भूमीत ऊर्जेचा उद्योग किती खोल गेला आहे याची आठवण होते. कानपूरच्या रस्त्याने सुमारे पंचवीस किलोमीटर गेले की बेतवेच्या काठी पारीछाचे औष्णिक वीजकेंद्र लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कालव्यासाठी अडविलेले तेथील पाणी आज त्या केंद्राच्या कामी येते. ललितपूरच्या बाजूस खैलार येथे १९७४ साली पायाभरणी झालेला भेल कंपनीचा कारखाना रोहित्रे आणि आगगाडीची इंजिने तयार करतो. गरौठ्याच्या माळावर उभारावयाच्या ६०० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाची कोनशिला नोव्हेंबर २०२१ मध्ये बसविली गेली. आणि शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालय १९८६ पासून या सर्वांना लागणारी माणसे घडवीत आले आहे. अशा ठिकाणच्या एखाद्या मुलाने ऊर्जेचा अभियंता होण्याचे मनात आणले, तर त्याला यंत्राचे शास्त्र शिकविण्याची व्यवस्था बरी आहे. परंतु नोकरी देणाऱ्यांची तक्रार निराळीच असते. मुलाला समीकरण सुटते, पण चार माणसांत नीट बोलता येत नाही. त्याला ऐकून घेता येत नाही. चूक झाली तर ती सांगावयास तो धजत नाही. अभियंत्याच्या अंगी जे गुण असावेत म्हणून आपल्या मान्यता-मंडळाने मुक्रर केले आहेत, त्यांत नीतिमत्ता, संघकार्य, संभाषण, समाजाचे भान आणि आजन्म शिकण्याची वृत्ती यांचा समावेश आहे, म्हणजे जवळजवळ निम्मी यादी यंत्राविषयी बोलतच नाही. या गुणांना हल्ली सॉफ्ट स्किल्स म्हणतात, आणि ते अंगी बाणावेत म्हणून एक तास ठेवतात, एक व्याख्याता बोलावतात, आणि हस्तांदोलन कसे करावे, मुलाखतीत नजर कोठे ठेवावी, गटचर्चेत दुसऱ्याला न दुखवता आपले घोडे पुढे कसे दामटावे, हे पडद्यावर चित्रे दाखवून समजावून देतात.

या तासाची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. ज्या मुलाच्या घरात इंग्रजी शब्द कधी उच्चारला गेला नाही, त्याला मुलाखतीच्या दालनात पाय ठेवण्याचे धैर्य अशा तासाने आले असेल तर तेही थोडे नव्हे. मला पडलेला प्रश्न शिक्षणशास्त्राचा कमी आणि धर्मजिज्ञासेचा अधिक आहे: सत्य बोलणे, ऐकणे, धीर धरणे, दुसऱ्याचे ओझे उचलणे, हे गुण त्या गुणांसाठीच शिकविता येतात काय, की ते दुसऱ्याच कशाच्या तरी सेवेत असताना, पाठीमागून, न बोलावता येतात? आणि हा प्रश्न आपल्याकडे, वीज माहीत नव्हती तेव्हा, अग्नीच्या संदर्भात फार बारकाईने चर्चिला गेला आहे.

१८५७ च्या आरंभी पेणजवळील वरसई गावचे विष्णुभट गोडसे नावाचे एक कर्जाने गांजलेले वैदिक ब्राह्मण, बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा बरी मिळेल असे ऐकून चुलत्यासह उत्तरेस निघाले. वाटेत बंड उसळले, आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलात सर ह्यू रोजने झाशीला वेढा दिला तेव्हा ते शहरातच अडकलेले होते. त्यांनी उतारवयात लिहिलेली हकीकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केली, ती पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. मला त्यांची आठवण होते ती मात्र वेढ्यापेक्षा त्या यज्ञामुळे. कारण विष्णुभट ज्या विद्येच्या जोरावर शेकडो कोस चालावयास निघाले ती केवळ तोंडाची विद्या नव्हती. सोमयागात सोळा ऋत्विज लागतात आणि त्यांचे चार गण असतात. होता ऋचा म्हणतो आणि उद्गाता साम गातो, पण जागा मोजणे, वेदी रचणे, पात्रे मांडणे, अग्नी प्रज्वलित करणे, आहुती देणे हे सारे अध्वर्यूचे, म्हणजे हाताचे काम. आणि ब्रह्मा नावाचा चौथा ऋत्विज अग्नीच्या दक्षिणेस बसून प्राय: मौन धरतो व सर्वांचे पाहतो. कोणी किती पावले चालावे, कोणाच्या शब्दानंतर कोणी हात उचलावा, अनुज्ञा कोणी मागावी आणि ती कोणी द्यावी, हे सर्व ठरलेले असते. एकाचा स्वर चुकला तरी दुसऱ्याची क्रिया खोळंबते. विस्तवाजवळ अनेकांनी मिळून, क्रमाने आणि परस्परांच्या शब्दावर विसंबून काम करण्याची इतकी जुनी आणि इतकी काटेकोर तालीम जगात फारशी कोठे आढळणार नाही.

या कर्माचा विचार करणारे जे शास्त्र, ती पूर्वमीमांसा. आज ती फारसे कोणी वाचत नाही, आणि वाचणाऱ्यालाही पुरोडाशाच्या आकारावर चाललेले वाद पाहून कंटाळा येतो, हे मी नाकारीत नाही. तरीही तिने एक भेद असा केला आहे, की त्यावाचून प्रस्तुत प्रश्नाला हातच घालता येऊ नये. यज्ञात सांगितलेली काही अंगे यज्ञ पुरा व्हावा म्हणून असतात, त्यांना मीमांसक क्रत्वर्थ म्हणतात. काही गोष्टी कर्त्या पुरुषाच्या हितासाठी असतात, त्या पुरुषार्थ. आता दर्शपूर्णमास यागाच्या प्रकरणात असत्य बोलू नये असा एक निषेध आला आहे. तो कोणासाठी? माणूस भला व्हावा म्हणून, की याग निर्दोष व्हावा म्हणून? सामान्य वाचकाला वाटेल, की सत्य हे माणसाचे भूषण, तेव्हा निषेध माणसासाठीच असला पाहिजे. जैमिनींच्या सूत्रांवरील शबरस्वामींच्या भाष्यात निर्णय उलट दिला आहे: हा निषेध यागाचे अंग आहे. येथे खोटे बोललास तर तुझे चारित्र्य मलिन होईल हा प्रश्न पुढचा; आधी तुझा याग बिघडेल.

प्रथमदर्शनी हा निर्णय रुक्ष वाटतो. सत्यासारख्या थोर गुणाला समिधा आणि दर्भ यांच्या पंगतीला बसविल्यासारखे होते. पण जितका विचार करावा तितका तो मला अधिक शहाणपणाचा दिसू लागला आहे. कारण जो गुण माणसाच्या शोभेसाठी सांगितला जातो त्याला शोभेची वेळ संपली की उतरवून ठेवता येते, आणि जो गुण कामाचे अंग म्हणून येतो त्याला कामापुरती तरी सुट्टी नसते. मुलाखतीच्या तासाला शिकविलेली नम्रता मुलाखतीपुरती असते, आणि ती तशी आहे हे मुलाखत घेणाऱ्यालाही माहीत असते; त्यामुळे उभयपक्षी एक सभ्य नाटक होऊन जो तो आपल्या घरी जातो.

उलट बाजूने, वीजवाहिनीवर काम करणाऱ्या माणसाचे उदाहरण घ्यावे. त्याला खांबावर चढण्यापूर्वी उपकेंद्रातून वाहिनी बंद करून घ्यावी लागते; झाशीकडे त्याला शटडाउन घेणे म्हणतात, आपल्याकडे परमिट घेणे. उपकेंद्रातला माणूस फीडरचे नाव पुन्हा उच्चारून घेतो, ब्रेकर उघडतो, आयसोलेटर उघडतो, वाहिनी जमिनीशी जोडतो, काम चालू असल्याची पाटी अडकवतो, आणि नोंदवहीत वेळ व परमिटाचा क्रमांक लिहितो. इकडचा माणूस डिस्चार्ज रॉड लावून तार निर्जीव झाल्याची खातरजमा करतो आणि मगच तिला हात लावतो. काम आटोपल्यावर माणसे उतरली, हत्यारे उतरली, अर्थिंग काढले, असे त्याने स्वमुखाने सांगितल्यावाचून ती वाहिनी पुन्हा सुरू होत नाही. या व्यवहारात नम्रता, श्रवण, सत्य, संयम ही सारी आहेत, आणि त्यांतले एकही नाव कोणी उच्चारीत नाही. उपकेंद्रातल्या माणसाने दोन सारख्या नावांच्या फीडरांत घोटाळा केला, किंवा घाईने 'हो, हो, बंद आहे' म्हटले, तर खांबावरच्या माणसाचा देह त्या शब्दाची किंमत भरतो. येथे सत्य क्रत्वर्थ आहे, याहून अधिक स्पष्ट दाखला मीमांसकालाही सापडला नसता. आणि ज्या मुलाने एकदा, मग ते शिकाऊ म्हणून का होईना, नोंदवहीपाशी बसून दुसऱ्याच्या जिवाचे परमिट आपल्या हस्ताक्षरात लिहिले आहे, त्याला संभाषणकौशल्य म्हणजे काय हे पडद्यावर दाखविण्याचे प्रयोजन उरत नाही.

शब्द ऐकला गेला नाही तर काय होते, याचा दाखला झाशीच्या दाराशीच घडलेला आहे. २००६ पासून उत्तरेची आणि पश्चिमेची वीजजाळी एकाच लयीत चालतात, म्हणजे सोलापुरातले आणि झाशीतले जनित्र सेकंदाला पन्नास आवर्तनांचा एकच ताल धरून असते. या दोन विभागांना सांधणाऱ्या दुव्यांपैकी बीना ते ग्वाल्हेर ही वाहिनी महत्त्वाची. आगगाडीने जाणाऱ्याला बीना आणि ग्वाल्हेर यांच्या दरम्यान झाशी लागते, इतके सांगितले म्हणजे जागा ध्यानात येईल. ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास ही वाहिनी तुटली आणि अवघा उत्तर विभाग अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तसेच झाले व त्या वेळी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य विभागही बसले. सुमारे साठ कोटी माणसे ज्या प्रदेशात राहतात तेथील आगगाड्या, पाण्याचे पंप आणि इस्पितळे एकदम परावलंबी झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चौकशी समितीने अहवाल दिला. त्यात अनेक वाहिन्या आधीच बंद असल्यामुळे विभागांमधले दुवे दुर्बळ झाले होते, बीना-ग्वाल्हेर-आग्रा दुव्यावर भार फार होता, आणि संरक्षक यंत्रणेने नको तेव्हा वाहिनी तोडली, ही कारणे आहेतच. परंतु त्यांच्याच बरोबरीने एक कारण असे नोंदविले आहे, की विभागीय भारप्रेषण केंद्रांनी दिलेल्या सूचनांना राज्यांच्या केंद्रांकडून पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. जादा वीज ओढू नका, असे सांगितले गेले होते. सांगणारा होता, यंत्र होते, दूरध्वनी होता. ऐकून त्याप्रमाणे करणे तेवढे अपुरे पडले.

हे कारण अहवालात तांत्रिक कारणांच्या शेजारी, त्यांच्याच पंगतीला बसविले आहे, ही गोष्ट मला विशेष वाटते. समितीला कोणाच्या चारित्र्याचा न्याय करावयाचा नव्हता. तिने एवढेच म्हटले, की ऐकणे हे या यंत्रणेचे एक अंग होते आणि ते अंग कमी पडले. शबरस्वामींनी असत्याच्या निषेधाविषयी याहून वेगळे काय म्हटले होते?

आता आपल्या महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळेत या अंगाची काय अवस्था असते ती पाहावी. विजेच्या प्रयोगात तारा जोडण्याचे काम पुष्कळदा साहाय्यक करतो, चार मुले भोवती उभी राहतात, एकजण मीटर वाचतो आणि बाकीचे लिहून घेतात. पुढे जर्नल पूर्ण करण्याची घाई होते, तेव्हा मागील वर्षीच्या मुलाचे जर्नल आणून त्यातले रीडिंग छापले जाते, आलेख आधी काढून बिंदू नंतर बसविले जातात, आणि वायवाच्या दिवशी सर्वांची उत्तरे बरोबर असतात. हे कोणा एका संस्थेचे पाप नाही. हा आपल्या अभियांत्रिकी शिक्षणाचा जवळजवळ वतनी रिवाज झाला आहे. त्याच मुलाला पुढच्या तासाला 'कार्यस्थळावरील सचोटी' या विषयावर व्याख्यान ऐकावयास बसविले जाते. असत्याची तालीम हाताने आणि सत्याची कानाने, असा हा विभाग असल्यावर कोणती तालीम टिकेल हे सांगावयास नको. पारीछासारख्या केंद्रात पाळीवरचा माणूस दर तासाला दाब, तापमान, पाण्याची पातळी नोंदवहीत उतरवीत असतो. जेथे वाफेचे तापमान पाचशे अंशांच्या पुढे आणि चक्राची गती मिनिटाला तीन हजार फेऱ्यांची, तेथे मागच्या तासाचा आकडा या तासाला छापण्याची सवय घेऊन जाणारा मुलगा कोणती आहुती देईल, याचा विचार केलेला बरा.

यावर कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे वजनदार आहे, की कामापुरते सत्य काम संपताच संपेल. परमिटाच्या नोंदवहीत सच्चा असलेला माणूस घरी, बाजारात, मतदानाच्या दिवशी सच्चा असेलच असे नाही. असे लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. मीमांसकांनाही ही अडचण दुसऱ्या रूपाने भेडसावीत होती. याग आज संपतो, धूर विरतो, आणि फळ मात्र कालांतराने मिळावयाचे. तर नाहीसे झालेले कर्म दूरच्या फळाला जन्म कसे देते? यासाठी त्यांनी अपूर्व नावाची एक अदृष्ट शक्ती मानली, आणि कुमारिल भट्टांच्या मताने तिचे अधिष्ठान कर्त्याचा आत्मा हेच होय: कर्म संपते, पण करणारा पूर्वीचा राहत नाही, त्याच्या ठायी एक योग्यता उरते. स्वर्गाचा हिशेब बाजूस ठेवून केवळ अनुभवाकडे पाहिले, तरी यात तथ्य दिसते. हाताने केलेल्या कामाचा अवशेष कर्त्यात राहतो. मात्र तो किती राहावा, आणि कोणत्या दारापर्यंत त्याच्याबरोबर चालत जावा, याची हमी कोणतेच शास्त्र देत नाही, आणि शंकराचार्यांनी तर कर्माला चित्तशुद्धीपलीकडे अधिकारच दिला नाही; ज्ञान त्याने मिळत नाही, फक्त ज्ञानाला पात्रता येते. मला हे मत या प्रकरणी पुरेसे वाटते. प्रयोगशाळेने किंवा उपकेंद्राने संत निर्माण करावेत ही अपेक्षाच नाही. अहंकाराचा काही गाळ खाली बसावा आणि माणूस शिकण्याजोगा व्हावा, इतके झाले तरी चार वर्षांची फी कारणी लागली म्हणावयाची.

दुसरा आक्षेप माझा मलाच अधिक टोचतो. ज्या शास्त्राचा मी इतका आधार घेतो आहे, त्याने शूद्राला यज्ञाचा अधिकार नाकारला. ज्यांचे हात सर्वांत अधिक राबत होते त्यांनाच अग्नीपासून दूर ठेवले, आणि त्या बहिष्काराची सावली आजही आपल्या कारखान्यांवर पडलेली आहे, कारण तेथेही कोळशाला हात लावणारा कंत्राटी मजूर एक आणि त्याच्या हातांविषयी अहवाल लिहिणारा पदवीधर दुसरा. तरीही त्याच मीमांसेच्या सहाव्या अध्यायात एक चमत्कारिक अधिकरण आहे. रथ घडविणाऱ्या कारागिराने पावसाळ्यात अग्न्याधान करावे असे वचन सापडते, तर हा रथकार तीन वर्णांतला, की त्यांच्या बाहेरचा? पुष्कळ ओढाताण करून निर्णय दिला आहे तो असा, की तो त्या तिघांबाहेरचाच आहे आणि अधिकार त्याला आहे. भिंतीत ही एवढीच फट. पण ती नेमकी कारागिरासाठी राहावी याला अर्थ आहे असे मी मानतो. आपल्या संतांनी ती फट रुंद करून तिचा दरवाजा केला. गोरोबा मातीत, सावतोबा मळ्यात, नरहरी सोनार मुशीपाशी; आणि ज्ञानेश्वरांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायावर लिहिताना स्वधर्माचे आचरण हाच यज्ञ असा अर्थ लावून समिधांची गरजच संपविली.

विसाव्या शतकात हा विचार शाळेत आणण्याचे दोन प्रयत्न महाराष्ट्राच्या भूमीवर झाले, त्यांतील पहिला सर्वश्रुत आहे: १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली, हस्तव्यवसायातून सर्व विषय शिकविण्याची नयी तालीम. ती सरकारी दप्तरात शिरली आणि बहुतेक ठिकाणी चरख्याच्या एका तासापुरती उरली. दुसरा प्रयत्न लहान, पण माझ्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नशास्त्राची डॉक्टरेट घेतलेले आणि मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात प्रतिष्ठेने नोकरी केलेले शास्त्रज्ञ १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणाच्या गावी जाऊन राहिले, आणि तेथे त्यांनी विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या अभ्यासक्रमाचे चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली मुले तेथे येत, आणि जोडकाम, वायरिंग, गोबर गॅस, सौर दिवे ही कामे करीत. त्यात कलबागांची मख्खी अशी, की काम खोटे नसे. गावातल्या माणसाला त्याची गरज असे, तो त्याचे पैसे देई, आणि वस्तू बिघडली तर तक्रार घेऊन दारात उभा राही.

हा तक्रार घेऊन येणारा माणूसच माझ्या मते त्या शिक्षणातला खरा आचार्य आहे. कार्यशाळेत हाताने काम करणे एवढेच पुरेसे असते, तर आपल्या आयटीआयमधून दरवर्षी स्थितप्रज्ञांचे तांडे बाहेर पडले असते. धातूला कानस लावल्याने मन आपोआप घासले जात नाही. पलीकडे कोणीतरी असावा लागतो, ज्याची विहीर, ज्याचा दिवा, ज्याचा देह आपल्या हातावर अवलंबून आहे. मग त्याच्याशी बोलावे लागते, त्याची अर्धवट भाषा समजून घ्यावी लागते, किंमत का वाढली ते सांगावे लागते, आणि उद्या करून देतो म्हटले तर उद्या करून द्यावे लागते. मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी एका वास्तुविद्या-महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या साथीने २०१४ साली 'शून्य' या नावाच्या संघातर्फे व्हर्सायच्या जागतिक स्पर्धेसाठी सौरऊर्जेवर चालणारे घर उभारले, तेव्हा निरनिराळ्या शाखांची मुले एकाच घराच्या चार भिंतींत कामाला लागली. तेथेही जे शिक्षण झाले असेल ते सौरपट्टीच्या गणितापेक्षा, वास्तुविशारदाची खिडकी आणि विद्युत अभियंत्याची नळी एकाच जागेवर हक्क सांगू लागल्यावर कोणी सरकावयाचे, या वादात अधिक झाले असावे, असा माझा तर्क आहे.

वेढ्याच्या दिवसांत झाशीच्या बायका तोफांच्या मोर्च्यांवर काम करताना आणि दारूगोळा वाहताना इंग्रज अधिकाऱ्यांनी पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. त्यांना संघकार्याचे पाठ कोणी दिले नव्हते. तट पडत होता.

राहता राहिला परीक्षेचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. कारण जर्नलातले रीडिंग मुले का छापतात याचे उत्तर त्यांच्या आळसात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे गुणपत्रिकेत आहे. खरे रीडिंग वाकडे येते, आलेख पुस्तकासारखा होत नाही, आणि परीक्षक त्यासाठी गुण कापतो; तेव्हा मुलगा जे करतो ते शहाणपणाचेच ठरते. यज्ञाच्या शास्त्राने चुकीची अशी हेळसांड केली नव्हती. चूक होणार हे त्याने गृहीतच धरले होते आणि प्रत्येक दोषाला प्रायश्चित्त नेमून दिले होते: ऋचा चुकली तर एका अग्नीत, यजुस् चुकले तर दुसऱ्यात, साम चुकले तर तिसऱ्यात आहुती द्यावी, आणि पुढे चालावे. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात यज्ञाचा दोष असा सांधण्याला सोने, रुपे, कथील, शिसे, लोखंड यांना डाक देऊन सांधण्याची उपमा दिली आहे, म्हणजे ऋषीच्याही डोळ्यांपुढे त्या वेळी एखाद्या कारागिराची भट्टीच होती. मात्र प्रायश्चित्ताची पहिली अट अशी, की चूक झाली हे त्याच क्षणी कोणीतरी पाहिले पाहिजे आणि सांगितले पाहिजे. लपविलेल्या चुकीला प्रायश्चित्त नाही.

झाशीच्या किंवा पुण्याच्या एखाद्या महाविद्यालयाने जर्नलात एक रकाना वाढवावा, ज्यात काय बिघडले, कोणाच्या ध्यानात आले, कोणी कोणाला सांगितले आणि मग काय केले एवढे लिहावयाचे, आणि तो रकाना कोरा असेल तर प्रयोग अपुरा समजावा, असे मला सुचवावेसे वाटते. विद्यापीठाच्या परीक्षा-मंडळापुढे हा प्रस्ताव रुजू झाला तर पहिला सवाल ठरलेला आहे: जो मुलगा स्वत: तार जोडत नाही, मीटर वाचत नाही, केवळ बाजूस उभा राहून इतरांचे चुकते तेथे बोट ठेवतो, त्याला गुण कशाबद्दल द्यावयाचे? ऐतरेय ब्राह्मणात हाच सवाल ब्रह्म्याविषयी विचारला आहे. इतर ऋत्विज म्हणतात, गातात, आहुती देतात. हा मुकाट्याने बसून राहतो, तर मग याने दक्षिणा कोणत्या कामाची घ्यावी? तेथे उत्तर दिले आहे, की हा यज्ञाचा वैद्य आहे, आणि अर्धा यज्ञ त्याचा मानला आहे.